सदतीस सह्या आणि आठ हजार मैल

वुड्रो विल्सन यांचा पहिला नाव घेण्याजोगा राजकीय लेख ज्या नियतकालिकाने छापला, त्याच्या संपादकांत हेन्री कॅबट लॉज होते. साल १८७९. विल्सन बावीस वर्षांचे, प्रिन्स्टनमधून नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडलेले. लॉज बॉस्टनच्या खानदानी घराण्यातले, हार्वर्डचे डॉक्टर. लेखातली तक्रार अशी होती की, अमेरिकी काँग्रेसचा सगळा कारभार समित्यांच्या बंद दारांआड चालतो आणि खुल्या सभागृहात देशासमोर वाद व्हावा ही रीतच उरलेली नाही. लॉज यांना लेख आवडला. चाळीस वर्षांनी हे दोघे एकमेकांसमोर उभे ठाकले, तेव्हा विल्सन राष्ट्राध्यक्ष होते आणि लॉज अशाच एका समितीचे, सिनेटच्या परराष्ट्र समितीचे, अध्यक्ष. तोवर प्रेमाचा लवलेशही उरला नव्हता.

राज्यशास्त्राची डॉक्टरेट मिळवून व्हाइट हाउसमध्ये गेलेला हा एकमेव राष्ट्राध्यक्ष. त्यांनी आपल्या पदाचा जेवढा अभ्यास केला होता तेवढा त्या खुर्चीत बसलेल्या फार थोड्यांनी केला असेल. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत त्यांनी दोन गोष्टी मांडल्या होत्या. एक, सगळ्या देशाच्या वतीने बोलणारा आवाज एकट्या राष्ट्राध्यक्षाचा असतो; त्याने जनतेचा विश्वास एकदा जिंकला की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. दोन, परराष्ट्र व्यवहारात पुढाकार त्याचाच असतो, त्यामुळे वाटाघाटी त्याने अशा टोकाला आणून ठेवाव्यात की सिनेटला नाही म्हणणं जड जावं. राज्यघटनेत लिहिलेलं मात्र साधं होतं. राष्ट्राध्यक्षाने केलेला तह हजर सिनेटरांपैकी दोन-तृतीयांशांनी मान्य केला तरच तो तह. तेव्हा सिनेटर ९६ होते. म्हणजे तेहतीस जण अडून बसले की संपलं.

सुरुवातीची वर्षं विल्सन यांच्या सिद्धान्ताला अनुकूल गेली. जेफरसनपासून राष्ट्राध्यक्ष काँग्रेसला लेखी संदेश पाठवत आणि तिथला कारकून तो रटाळपणे वाचून दाखवी. ही शतकभराची प्रथा विल्सन यांनी १९१३च्या एप्रिलमध्ये मोडली आणि स्वतः सभागृहात जाऊन भाषण केलं. त्याच वर्षी आयातकर कमी करण्याचं विधेयक सिनेटमध्ये अडकलं, तेव्हा त्यांनी एक छोटंसं जाहीर निवेदन काढलं: राजधानी हितसंबंधी कंपन्यांच्या दलालांनी गजबजली आहे, जनतेने लक्ष घालावं. गवगवा झाला, सिनेटला चौकशी करावी लागली, सिनेटरांना आपापल्या मालमत्ता उघड कराव्या लागल्या आणि विधेयक मंजूर झालं. जनतेला हाक मारली की सिनेट वठणीवर येते, असा धडा त्यातून विल्सन यांनी घेतला. तो अर्धाच खरा होता. आयातकराच्या विधेयकाला साधं बहुमत पुरत होतं आणि ते त्यांच्या पक्षाकडे होतंच.

मग युद्ध आलं. एप्रिल १९१७मध्ये जॉर्ज क्रील या पत्रकाराच्या हाताखाली सरकारी प्रचाराचं खातं उभं राहिलं. मूकपटांच्या काळात चित्रपटगृहात रीळ बदलायला काही मिनिटं लागत. तेवढ्या वेळात उठून चार मिनिटांचं देशभक्तीपर भाषण ठोकणारे सुमारे ७५,००० स्वयंसेवक वक्ते या खात्याने देशभर नेमले होते. विरोधात बोलणाऱ्यांसाठी वेगळी व्यवस्था होती. समाजवादी नेते यूजीन डेब्ज यांना एका युद्धविरोधी भाषणापायी दहा वर्षांची शिक्षा झाली. देश एका सुरात बोलतो आहे असं १९१८ साली वाटत होतं खरं, पण त्या सुरामागे चार मिनिटांचे वक्ते होते तसा तुरुंगही होता. विल्सन यांनी हा सूर आपल्या शब्दांची पुण्याई समजला असावा, अशी माझी समजूत आहे.

कारण त्यानंतर त्यांनी चुकांमागून चुका केल्या आणि त्या अशा माणसाच्या होत्या, ज्याला आपलं ऐकलं जाणारच याची खात्री आहे. ऑक्टोबर १९१८मध्ये, ऐन मध्यावधी निवडणुकीत, त्यांनी मतदारांना आवाहन केलं की माझ्या हातांना बळ द्यायचं तर काँग्रेस डेमोक्रॅटिक पक्षाकडे द्या. मतदारांनी दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांना दिली. सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४७. लॉज परराष्ट्र समितीचे अध्यक्ष झाले ते या दोन जागांच्या फरकाने. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या शांतता परिषदेला जाताना विल्सन यांनी एकाही सिनेटरला बरोबर घेतलं नाही. शिष्टमंडळात नावाला एक रिपब्लिकन होता, तोही निवृत्त मुत्सद्दी. युरोपात लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. रोम, मिलान, पॅरिस, लंडन, जिथे जावं तिथे रस्ते माणसांनी फुललेले.

त्यांचे शब्द युरोपाच्याही पलीकडे पोचले होते. लोकमान्य टिळक चिरोल या ब्रिटिश पत्रकारावर भरलेल्या बदनामीच्या खटल्यासाठी तेव्हा लंडनमध्ये होते. स्वयंनिर्णयाचा हक्क हिंदुस्थानलाही लागू करा, अशी मागणी करणारं पत्र त्यांनी १९१९च्या आरंभी विल्सन यांना धाडलं. उत्तर विल्सन यांच्या सचिवाकडून आलं. त्याचा आशय एवढाच की योग्य वेळी योग्य ती मंडळी या प्रश्नाचा विचार करतील. पुढे जूनमध्ये व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सह्या केल्या आणि हिंदुस्थान राष्ट्रसंघाचा, म्हणजे शांतता राखण्यासाठी विल्सन यांनी त्या तहात घालून घेतलेल्या देशांच्या संघटनेचा, संस्थापक सदस्य झाला. टिळकांना हवं होतं ते हे नव्हतं. गंमत म्हणजे अमेरिकेत तहाच्या विरोधकांनी नेमका हाच मुद्दा उचलला: राष्ट्रसंघात अमेरिकेला एक मत आणि ब्रिटिश साम्राज्याला सहा, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि हिंदुस्थान. आयरिश वस्तीच्या शहरांत हा हिशेब सभा पेटवायला पुरत असे.

लॉज यांनी आपली मोजणी आधीच करून ठेवली होती. काँग्रेसचं अधिवेशन संपत असताना, ३ मार्च १९१९च्या मध्यरात्रीच्या सुमारास, त्यांनी सभागृहात एक निवेदन वाचलं. राष्ट्रसंघाचा मसुदा सध्याच्या स्वरूपात आम्हाला मान्य नाही, एवढाच त्याचा मथितार्थ. खाली ३७ सह्या होत्या. दोन मागाहून आल्या. अडवायला तेहतीस पुरे होते. विल्सन त्या आठवड्यात काही दिवसांसाठी परत आलेले होते. दुसऱ्या दिवशी, ४ मार्चच्या संध्याकाळी, न्यूयॉर्कच्या ऑपेरा हाउसमधल्या सभेत त्यांनी ऐकवलं की राष्ट्रसंघाचे धागे तहात असे विणून आणीन की तो काढायला जाल तर सगळा तहच उसवेल. १९०८च्या व्याख्यानातला दुसरा मुद्दा तो हाच. आणि ३७ सह्या हे त्याला दिलेलं उत्तर होतं.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. विरोधकांत दोन जाती होत्या. बोरा, हायरम जॉन्सन यांच्यासारखे डझन-दीड डझन जण राष्ट्रसंघाचं नावच नको म्हणणारे. बाकीच्या बहुतेकांना तह हवा होता, पण अटी घालून. त्यांचा सारा राग कलम १० वर होता. सदस्य देशावर बाहेरून आक्रमण झालं तर त्याचं रक्षण करण्याची हमी त्या कलमात होती. उद्या बाल्कनमध्ये कुठे सरहद्दीचं भांडण पेटलं तर अमेरिकेची पोरं तिथे पाठवायचा निर्णय कुणाचा, काँग्रेसचा की जिनिव्हाचा? प्रश्न मूर्खपणाचा मुळीच नव्हता. देशाचा कौलही साधारण असाच होता. ‘लिटररी डायजेस्ट’ने एप्रिलमध्ये देशभरच्या १,३७७ संपादकांना विचारलं, तेव्हा ७१८ जणांनी राष्ट्रसंघाला होकार दिला, १८१ जणांनी नकार आणि ४७८ जणांनी ‘होय, पण काही अटींवर’. जनतेला जिंकायला निघालेल्या माणसाने हे आकडे बघायला हवे होते. जनता बरीचशी जिंकलेलीच होती. आणि तिच्यातला मोठा हिस्सा म्हणत होता की चार अटी मान्य करून टाका.

लॉज यांना घाई नव्हती. उत्साह आपोआप शिळा होतो हे त्यांना ठाऊक होतं. तहाचा २६८ पानांचा मजकूर त्यांनी समितीत स्वतः मोठ्याने वाचायला घेतला. त्यातच दोन आठवडे गेले. बहुतेक वेळ ऐकायला कुणी नसे. त्यानंतर साक्षी. ज्या ज्या समाजाचं पॅरिसमध्ये समाधान झालं नव्हतं, त्याची कैफियत. १९ ऑगस्टला विल्सन यांनी समितीला व्हाइट हाउसमध्ये बोलावून तीन तासांहून अधिक वेळ प्रश्नोत्तरं केली. कलम १०चं बंधन कायदेशीर नाही, नैतिक आहे, आणि नैतिक बंधन अधिक पवित्र असतं, असं ते म्हणाले. सिनेटर वॉरन हार्डिंग यांनी भोळेपणाने विचारलं की नुसतं नैतिकच असेल तर ते पाळलं जाईल कशावरून? प्रोफेसर चिडले. हे हार्डिंग पुढे पुन्हा भेटतील.

अखेर विल्सन यांनी ठरवलं की सिनेटच्या डोक्यावरून थेट लोकांशी बोलायचं. त्यांचे डॉक्टर ग्रेसन नको म्हणत होते. रक्तदाब, डोकेदुखी, पॅरिसमधलं आजारपण, सगळं अंगात मुरलेलं. ३ सप्टेंबर १९१९च्या संध्याकाळी विशेष गाडी वॉशिंग्टनहून निघाली. शेवटच्या ‘मेफ्लॉवर’ डब्यात विल्सन, पत्नी एडिथ, डॉक्टर आणि सचिव ट्युमल्टी. पुढच्या डब्यांत वार्ताहर. निघण्यापूर्वी त्यांनी आपल्या पक्षाचे सिनेटमधले नेते हिचकॉक यांच्या हाती एक कागद ठेवला होता. त्यात चार खुलासे होते, जे तहाला जोडायला विल्सन यांची हरकत नव्हती. पण ते माझे आहेत हे कुणाला कळता कामा नये अशी ताकीद. ही ताकाला जाऊन भांडं लपवायची तऱ्हा झाली. खाजगीत तडजोडीला तयार असलेला माणूस पुढचे तीन आठवडे गावोगाव सांगत फिरला की तडजोड म्हणजे विश्वासघात.

कोलंबस, इंडियानापोलिस, सेंट लुइस, ओमाहा, बिस्मार्क, हेलेना, स्पोकेन. दिवसाला कधी एक, कधी दोन-तीन सभा. मध्येच लहान स्थानकांवर डब्याच्या मागच्या सज्जातून चार शब्द. ओमाहात त्यांनी सांगितलं की राष्ट्रसंघ नसेल तर एका पिढीच्या आत आणखी एक महायुद्ध होईल. ते वाक्य खरं ठरलं म्हणून आज सगळे उद्धृत करतात. पश्चिमेकडे जावं तशी गर्दी वाढत होती. वृत्तपत्रांत मात्र त्यांच्या वाट्याची जागा आटत चालली. ९ सप्टेंबरला बॉस्टनचे पोलीस संपावर गेले आणि शहरात लुटालूट झाली. २२ तारखेपासून पोलाद कामगारांचा संप, साडेतीन लाख माणसं. बोरा आणि जॉन्सन यांनीही विल्सन यांच्या मागावर दौरा काढला, त्याला मेलन आणि फ्रिक या धनाढ्यांचा पैसा होता. शिकागोत त्यांच्या सभेत लोक ‘महाभियोग लावा’ असं ओरडत होते. लोकांकडे जाण्याचा रस्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाचा नव्हता.

१३ सप्टेंबरला सिएटल. उघड्या मोटारीत उभे राहून टोपी हलवत विल्सन चालले होते, दुतर्फा जल्लोष. मग एका रस्त्याला वळल्यावर आवाज एकदम बंद झाला. कित्येक चौकांपर्यंत पदपथावर कामगार उभे होते, हाताची घडी घालून, अक्षर न बोलता. हॅटच्या पट्टीत कागद: राजकीय कैद्यांना सोडा. विल्सन काही वेळ टोपी हलवत राहिले, मग खाली बसले. टोपी हातातच राहिली होती.

सान दिएगोच्या स्टेडियमवर तीस हजारांच्या वर लोक जमले होते. एवढ्यांना ऐकू जावं म्हणून विल्सन यांना काचेच्या तावदानांनी बंदिस्त केलेल्या मंचावर उभं केलं; डोक्यावर विजेवर चालणारे ध्वनिग्राहक, बाहेर भोंगे. राष्ट्राध्यक्षाने ध्वनिवर्धकावरून केलेलं हे पहिलं भाषण. व्यासपीठावर फेऱ्या मारत, पुढे झुकून बोलायची सवय असलेल्या वक्त्याला तो पिंजरा मानवला नाही, पण शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला. रेडिओचा जमाना दोन पावलांवर आला होता आणि विल्सन अजून आगगाडीने गावोगाव जात होते. एका भाषणात देशभर पोचायची सोय त्यांच्या कारकिर्दीला थोडक्यात चुकली.

दरम्यान वॉशिंग्टनमध्ये घरचा आहेर मिळाला होता. पॅरिसच्या शिष्टमंडळातल्या विल्यम बुलिट या तरुण अधिकाऱ्याने लॉज यांच्या समितीपुढे शपथेवर सांगितलं की खुद्द परराष्ट्रमंत्री लॅन्सिंग यांनाही हा तह पसंत नव्हता. सिनेटला आणि लोकांना तो खरोखर समजला तर ते फेटाळतील, असं ते खाजगीत म्हणाले होते. लॅन्सिंग यांनी धड इन्कार केला नाही. गाडीत ती तार वाचून विल्सन यांच्यावर काय गुदरलं असेल याची कल्पना करता येते.

तोवर त्यांना आडवं होऊन झोपता येत नव्हतं. श्वास कोंडे, म्हणून खुर्चीत उशांना टेकून ते रात्र काढत. २५ सप्टेंबरला कोलोराडोतल्या प्वेब्लो गावी सभागृहाची एक पायरी चढताना ते अडखळले आणि सुरक्षारक्षक स्टारलिंगने त्यांना सावरलं. भाषणात वाक्यं मध्येच तुटत होती. शेवटी ते पॅरिसजवळच्या सुरेन इथल्या अमेरिकी सैनिकांच्या दफनभूमीबद्दल बोलू लागले, तेव्हा त्यांना रडू आलं आणि सभागृहातही लोक डोळे पुसू लागले. गाडी निघाल्यावर वीसेक मैलांवर डॉक्टरांनी ती थांबवली. विल्सन, एडिथ आणि ग्रेसन धुळीच्या रस्त्याने पायी फिरायला निघाले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना ओळखलं, मोटार थांबवली आणि रात्रीच्या जेवणासाठी म्हणून एक कोबीचा गड्डा आणि काही सफरचंदं हातात दिली. त्या रात्रीच प्रकृती ढासळली. सकाळी विचिटाची सभा रद्द झाली आणि खिडक्यांचे पडदे ओढून गाडी वॉशिंग्टनकडे सुटली. बावीस दिवस, आठ हजार मैल, जवळपास चाळीस भाषणं. २ ऑक्टोबरला पक्षाघाताने शरीराची डावी बाजू गेली.

दौरा अर्धवट राहिला नसता तर सिनेट नमली असती, अशी एक हळवी आख्यायिका आहे. मला ती पटत नाही. प्वेब्लोपर्यंत पोचताना सिनेटमधलं नाव घेण्याजोगं एकही मत हललं नव्हतं आणि हलण्याचं कारणही नव्हतं. सिनेटरची मुदत सहा वर्षांची. १९२० साली तिघांतल्या एकालाच मतदारांपुढे जायचं होतं. स्पोकेनच्या टाळ्या मॅसॅच्युसेट्सच्या सिनेटरला ऐकू कशाला येतील? त्या तीन आठवड्यांत सौम्य विचारांच्या दहा-बारा रिपब्लिकनांशी शांतपणे बसून शब्दांची घासाघीस केली असती, तर कदाचित काही निघालं असतं. ते काम विल्सन यांना आवडत नव्हतं. हजारोंशी बोलताना ते फुलत, आणि मतभेद असलेल्या एका माणसाशी बोलताना आखडत.

आजाराचं गांभीर्य देशापासून, मंत्रिमंडळापासून, उपराष्ट्राध्यक्षापासूनही लपवण्यात आलं. कागद एडिथच्या हातून आत जात. किती वाचले जात, देव जाणे. डिसेंबरमध्ये विरोधी सिनेटर फॉल खरंखोटं पाहायला आले, तेव्हा खोलीत मंद उजेड ठेवला होता आणि निकामी डावा हात पांघरुणाखाली होता. फॉल म्हणाले, आम्ही सगळे तुमच्यासाठी प्रार्थना करतो आहोत. त्यावर विल्सन यांनी विचारल्याचं सांगतात: कुठल्या बाजूने?

दरम्यान लॉज यांनी तहाला चौदा अटी जोडल्या होत्या; विल्सन यांनी युद्धोत्तर शांततेसाठी मांडलेल्या चौदा मुद्द्यांना टोमणा. हिचकॉक आजाऱ्याच्या उशाशी जाऊन विनवून आले. एडिथनेही सांगून पाहिलं, असं तिनेच पुढे लिहून ठेवलं. उत्तर ठरलेलं, मोडेन पण वाकणार नाही. लॉज यांच्या अटींसह तह म्हणजे तह रद्दच, त्याविरुद्ध मत द्या, असं पत्र त्यांनी स्वपक्षीयांना पाठवलं. १९ नोव्हेंबरला अटींसह तह ३९ विरुद्ध ५५ मतांनी पडला आणि अटींविना ३८ विरुद्ध ५३ मतांनी.

लोकांना हे आवडलं नाही. दबाव एवढा आला की सिनेटला तह पुन्हा घ्यावा लागला. विल्सन यांनी पुन्हा पत्र लिहिलं, पुन्हा तेच. १९ मार्च १९२०ला मतदान झालं: बाजूने ४९, विरुद्ध ३५. दोन-तृतीयांशाला सात मतं कमी. विरोधातल्या ३५ जणांत राष्ट्रसंघाचे कट्टर शत्रू बाराच होते. उरलेले २३ डेमोक्रॅट, विल्सन यांचे निष्ठावंत. पक्षाच्या २१ जणांनी त्यांचा शब्द मोडून होकार दिला होता. आणखी सात जण फुटले असते तर अमेरिका राष्ट्रसंघात गेली असती. आठ हजार मैलांनी एक मत मिळवलं नाही, आणि आजारखोलीतल्या एका पत्राने तेवीस मतं रोखून धरली. ब्रँडेगी या कट्टर विरोधकाने त्या दिवशी लॉज यांच्याजवळ समाधान व्यक्त केलं म्हणतात की विल्सन यांच्यावर आपण नेहमीच भरवसा ठेवू शकतो.

नोव्हेंबरची निवडणूक हाच राष्ट्रसंघावरचा सार्वमताचा कौल असेल, असं विल्सन यांनी जाहीर करून ठेवलं होतं. नैतिक बंधनावर शंका काढणारे हार्डिंग साठ टक्के मतं घेऊन निवडून आले. जर्मनीशी युद्ध कागदोपत्री चालूच होतं. २ जुलै १९२१ला हार्डिंग न्यूजर्सीतल्या एका सिनेटर मित्राच्या घरी गोल्फ खेळत असताना ते संपवणारा ठराव सहीसाठी आला. मैदानातून येऊन त्यांनी सही केली आणि परत खेळायला गेले. ऑगस्टमध्ये बर्लिनला स्वतंत्र तह झाला. व्हर्सायने दिलेले हक्क अमेरिकेने त्यात आपल्याकडे ठेवले आणि राष्ट्रसंघाची कलमं अमेरिकेवर बंधनकारक नाहीत असं स्पष्ट लिहून घेतलं. लॉज यांनी तो सिनेटमध्ये मांडला आणि ऑक्टोबरमध्ये तो आरामात मंजूर झाला.